चौदा केसांचा धागा

तापीकाठच्या सावखेडीत भोयांची सात घरं. त्यातल्या भिकन भोयाच्या घरात आढ्याला कायम एक दोर लोंबत असे आणि दोराला खाली तांब्याची घागर. नव्या पाहुणीला वाटे, मंजुळाबाईचं हे आणखी एखादं व्रत असेल. व्रतं तिची काही कमी नव्हती. पहाटे नदीवर अंघोळ, तुळशीला पाणी, देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा. आणि एकशे आठ मणी ओढून होईतो ती कामाला हात लावत नसे, की कुणाशी बोलत नसे. गळ्यात तुळशीची माळ होती. मासळी तिनं लग्नाआधीच सोडली होती. भिकनसाठी अंगणात वेगळी चूल होती आणि ती तोच पेटवी.

पण घागर व्रताची नव्हती. मासे धरायचा नवा दोर वळून झाला की मंजुळाबाई तो आढ्याला बांधी, खाली घागर अडकवी आणि तांब्या-तांब्यानं पाणी ओतत जाई. दोर किती तांबे पेलतो, कुठं करकरतो, गाठीशी तुटतो की मधे तुटतो, हे सगळं ती उभ्या उभ्या बघे. "माझा दोर भक्कम आहे" असं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणे, "दोन घागरी पेलस." ऐकणाऱ्याला तेवढं पुरे.

त्या वर्षी लढाई चालू होती. बाजारात तागाची सुतळी दिसेना, सगळी म्हणे पलटणीकडे जात होती. मंजुळाबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिनं बांधावरची अंबाडी कापून डबक्यात कुजवली, सोलली, चातीवर पीळ दिला आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात तो दोर तीन दिवस बुडवून ठेवला, म्हणजे पाण्यानं सडू नये. दोर झाला लालसर आणि चिवट. घागरीखाली तो जराही कुरकुरला नाही.

तरी भिकन मात्र घुश्शात होता.

"असा दोर वळ," तो म्हणाला, "हत्ती बांधता ई असा!"

"हत्ती नदीमा ऱ्हास का?" मंजुळाबाई हळूच म्हणाली. बोलणं तिचं कायम असं, पलीकडच्या खोलीत ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"थट्टा नको करू. दोन दोर गयात. तिसरा गया ते डोह गया."

थट्टेची गोष्ट नव्हतीच ती. गावाच्या वरच्या अंगाला, नदी खडकांतून वळते तिथं उंबरडोह आहे. काठावरचा उंबर पाण्यावर वाकलेला, त्याची पिकली फळं टपटप खाली पडतात आणि ती खायला खडस मासा येतो. सोनेरी खवल्यांचा, मोठ्या तोंडाचा, ताकदीला रेड्यासारखा. जाळं तिथं चालत नाही, खाली सगळ्या कपारी; एका गळानंच धरावा लागतो. डोह सात घरांनी वाटून घेतलेला. एका आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दुसऱ्या आखाजीपर्यंत एका घराची पाळी. आणि पंचांचा एकच कायदा: ज्याचा दोर तीनदा डोहात राहिला, त्याची पाळी तिथंच संपली. कारणही तसंच होतं. दोर घेऊन पळालेला मासा कपारीत अडकतो, दोर त्याच्याभोवती गुंडाळला जातो, मासा तिथंच मरतो आणि कुजतो. तेच पाणी खाली गाव भरतं.

भिकनचा एक दोर आश्विनात राहिला, दुसरा कार्तिकात. तिसरा राहिला असता तर डोह शेजारच्या निंबाच्या घरी जाणार होता आणि भिकनच्या घरी परत यायचा तो सात वर्षांनी. भिकन आताच पंचेचाळिशीचा. सात वर्षांनी खडस ओढायला खांद्यात काय उरणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"दोर बारीक व्हता म्हनीसन नही गया," मंजुळाबाई म्हणाली. "जाड व्हता म्हनीसन गया."

"हाई काय नवीन?"

"गळ खडकमा अडकना. तुम्ही ओढा, खडक सोडेना. मंग दोर कोठे तुटना? तुम्हना हातपाशी. आख्खा दोर पानीमा राहना." तिनं हातातली अंबाडी खाली ठेवली. "दोर कधी ना कधी तुटीच. कोठे तुटाले पाहिजे, ते आपन ठरावानं."

तिनं बोटांनी दाखवलं: दोर असा लांब आणि भक्कम, त्याच्या टोकाला, गळाच्या आधी, दोन हात लांबीचा बारीक धागा. दोर दोन घागरींचा, धागा एका घागरीचा. गळ कपारीत रुतला की धागा तुटेल, दोर अख्खा हातात परत येईल. मासा फारच भारी निघाला तर तोही तेवढा धागा घेऊन जाईल. दोन हात धाग्यानं मासा मरत नाही, पाणीही नासत नाही.

"म्हणजे मी मुद्दाम कच्चा धागा बांधू? मासा सोडासाठी?"

"कच्चा नही. मोजेल." मंजुळाबाईनं माळेला हात लावला. "आनि आयका. त्या मासाले दोर गुंडाळीसन मराले लावानं, त्यानं पाप माले लागस. दोर मी वळस."

भिकन पापाला भ्याला नाही, पण बायको एवढी दोन वाक्यं सलग बोलली याला तो थोडा भ्याला. बरं म्हणाला.

आता धागा कशाचा, हा प्रश्न होता. कापसाचा पाण्यात फुगतो आणि खडकाला घासला की पिंजून जातो. अंबाडीचा बारीक केला तरी हिवाळ्याच्या नितळ पाण्यात लाल दिसतो. खडस तो बघून वळून जाई. निंबानं कुठल्याशा ओव्हरसियरकडून विलायती तात आणली होती, काचेसारखी. ती रेशमाच्या किड्याचं पोट फाडून काढतात असं कळल्यावर मंजुळाबाईनं तिला हातसुद्धा लावला नाही. मग तिला तिचे वडील आठवले. माहेरी, प्रकाशा गावात, ते घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस वळून धागा करत. पाण्यात दिसत नाही, ओढ बसली की थोडा ताणतो आणि सोडलं की आखडतो.

मार्गशीर्षातली पुनव आली. दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा, आणि जत्रेत घोड्यांचा बाजार. दोघं पायी गेली. दर्शन होईतो मंजुळाबाईच्या तोंडात पाणी नव्हतं. ती रांगेत उभी राहिली आणि भिकन केस आणायला बाजारात गेला. परत आला तो चेहरा फुललेला.

"देख काय आनं!" त्यानं उपरण्यातून झुबका काढला. अडीच हात लांब, मऊ, चमकदार केस, टोकाला मेंदीचा लाल रंग उतरलेला. "नवरदेवनी घोडी शे. व्यापारी म्हने, दोनशे नवरदेव बठनात तिनावर. एकबी पडना नही! यानापेक्षा शुभ काय पाहिजे?"

मंजुळाबाईलाही ते पटलं. तिनं झुबका देवाच्या पायाला लावला, पुजाऱ्यानं त्यावर कुंकू टाकलं. घरी आणून तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला. सात दिवस रोज त्याच्यापुढे माळ ओढली. आठव्या दिवशी केस भिजवून बारा केसांचा धागा वळला. असा गुळगुळीत, असा देखणा की बघत राहावं.

नेहमीच्या सवयीनं ती आढ्याखाली गेली. घागर हातात घेतली. आणि थांबली.

देवाच्या पायाशी लागलेली वस्तू, तिला पाण्यानं ओढून तोडून बघायची? म्हणजे देवाचीच परीक्षा घेतल्यासारखं. तिनं घागर परत जागेवर ठेवली आणि धागा तसाच दोराला बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं पाण्यावर आली तेव्हा डोहाच्या काठी बरीच मंडळी होती. भोयांचे पंच पुना आबा काठीवर हनुवटी टेकून दगडावर बसले होते. निंबा होता, कारण भिकनचा दोर गेला तर डोह त्याचा. निंबाची बायको सुगंधाबाई धुणं घेऊन आली होती, पण धुणं अजून कोरडंच होतं.

"ते काय रे भिकन?" निंबा वाकून बघत म्हणाला. "गळले केस लायात? मासाले न्हाऊ घालसी, वेनी घालसी, मंग काढसी का?"

"देवना पायले लायेल शे," भिकन म्हणाला.

"मंग मासा हात जोडीसनच वर ई!"

सुगंधाबाई फिसकन हसली. भिकननं ज्वारीच्या पिठाचा गोळा गळाला लावला. उंबराचं फळ मंजुळाबाई लावू देत नसे. ते दत्ताचं झाड. त्यानं गळ सोडला आणि दोर बोटांवर धरून बसला.

फार वेळ गेला नाही. दोर एकदम ताणला, भिकनच्या बोटांतून सर्रकन पळाला, डोहाच्या मध्ये सोनेरी पाठ उलटलेली सगळ्यांनी पाहिली. भिकननं टाच रोवून धरलं न धरलं तोच दोर सैल पडला. ओढून काढला तर दोर अख्खा. धागा मधोमध तुटलेला.

"व्हयना लगन!" निंबा ओरडला. "घोडी पळनी, नवरदेव पडना!"

या वेळी पुना आबाही हसले. मग गंभीर होऊन त्यांनी काठी उचलली. "दोर राहना नही. दोन हात धागाले मी दोर नही म्हनस. पाळी भिकननीच."

भिकनला त्याचं कौतुक नव्हतं. त्यानं तुटका धागा दगडावर आपटला. "एवढा मोठा मासा! उद्या दोरलेच गळ बांधस सरळ. जे व्हई ते व्हई."

जे होईल ते काय होईल, हे मंजुळाबाईला लख्ख दिसत होतं. तिनं तुटका धागा उचलला. टोकं बघितली. ताण पडून तुटलेला धागा पिंजतो. हा काडीसारखा कट्कन मोडला होता. ती घरी गेली, देव्हाऱ्यासमोर बसली आणि उरलेल्या झुबक्यातला एक केस काढून दोन बोटांत ताणला. तुटला. दुसरा ताणला. तोही. मग तिनं घागर काढली, बारा केस वळले आणि टांगले. पाव घागर भरली नाही तोच सगळं पाणी जमिनीवर.

पाण्यात बसून ती विचार करू लागली आणि वडिलांचं बोलणं आता तिला नीट आठवलं. लहानपणी ऐकलेलं, त्या वेळी न कळलेलं. ते म्हणत, घोडीचे केस घेऊ नये. घोडी मुतते ते शेपटीवर येतं आणि केस जळतो. घोड्याचं तसं होत नाही. त्यात या घोडीला दर लग्नाला मेंदी. केस वरून रेशीम आणि आतून भुसा.

ती उठली. ओलं लुगडं तसंच पिळून ती परत काठावर गेली. मंडळी अजून तिथंच होती, भिकन दोर गुंडाळत होता. मंजुळाबाईनं पदर सावरला आणि पुना आबांच्या समोर, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलली. इतक्या वर्षांत तिचा तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

"आबा, चूक मन्ही शे. धागा मी टांगीसन देखा नही. देवना पायले लायेल म्हनीसन सोडी दिना. देवनी काय सांगं व्हतं, की नको देखू?"

सुगंधाबाईनं धुणं पाण्यात बुडवलं.

"घोडीना केस व्हतात," ती पुढे म्हणाली, आणि का ते तिनं सांगितलं. मुतण्याचं सांगताना तिचे कान तांबडे झाले, पण तिनं पुरतं सांगितलं. विनोद करायचं निंबाही विसरला.

"आते?" पुना आबांनी विचारलं.

"आते घोडाना केस आनस. तीन दिवस द्या. तवलोक दोरले गळ बांधाना नही," हे शेवटचं तिनं भिकनकडे बघून म्हटलं. भिकननं दोर खाली ठेवला.

पाटलाच्या पागेत पांढरा घोडा होता. त्याला चारा-पाणी करायला सातपुड्यातला चैत्राम होता, पाय वाकडे, डोळे मिचमिचे, माणसापेक्षा घोड्याशी जास्त बोलणारा. मंजुळाबाईनं केस मागितले तेव्हा तो आधी हसला आणि मग कामाला लागला.

"शेपटीच्या वरचे नको, बाई," तो म्हणाला. "मधले घे. आन् ओढून नको काढू, घोडा रागावतो. कंगव्यात आपणहून येतात ते घे. ते पिकलेले असतात."

तीन सकाळी तो घोड्याची शेपटी विंचरून कंगव्यातले केस तिला देत गेला. मंजुळाबाईनं एकेक केस उन्हाकडे धरून पाहिला. कुठं गाठ, कुठं चपटा भाग दिसला की बाजूला. निवडलेले भिजत घातले. कोरडे केस वळले तर पीळ धरत नाहीत, आणि गाठ कोरडी ओढली तर तिथंच जळते, म्हणून गाठ ओली करूनच आवळायची.

धागा झाला. तिनं तो देव्हाऱ्यापुढे ठेवला, दिवा लावला, हात जोडले. मग उचलला आणि त्याच दिव्याच्या उजेडात आढ्याला टांगला.

दहा केसांचा धागा पाऊण घागरीला गेला. बारा केसांचा काठोकाठ भरायला दोन तांबे कमी असताना गेला. चौदा केसांच्या धाग्यानं पूर्ण घागर धरली, आणि वर आणखी दोन तांब्यांचं ओझं अडकवल्यावर तो गेला. गेला तोही खाली, गळाच्या गाठीशी. मंजुळाबाई मनाशी हसली. तिनं चौदा केसांचे चार धागे वळले. मग ज्या दोराला ते बांधायचे होते, तो अंबाडीचा दोर भिजवून, गाठ मारून पुन्हा टांगला. कोरडा दोर दोन घागरी पेलत होता. ओला, गाठीसकट, दीड पेलला. हेही तिनं लक्षात ठेवलं.

चौथ्या दिवशी काठावर मागच्या वेळेपेक्षा जास्त माणसं होती. निंबानं फक्त एवढंच विचारलं, "वहिनी, आज टांगं का?"

"टांगं, भाऊ."

"मंग मी काही बोलत नही."

भिकननं गळ टाकला. पहिल्याच खेपेला तो कपारीत रुतला. भिकनच्या कपाळावर घाम आला. दोन्ही दोर असेच गेले होते. त्यानं डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं. खडक सोडेना. त्यानं मान वळवून बायकोकडे बघितलं.

"सरळ ओढा," मंजुळाबाई म्हणाली.

त्यानं दोर हाताला गुंडाळला आणि मागे झुकून सरळ ओढला. खाली कुठंतरी ठप् झालं. दोर आला. अख्खा आला, आणि त्याच्या टोकाला धागाही जवळजवळ सगळा. तुटला होता तो नेमका गळाच्या गाठीशी. पुना आबांनी दोर हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवली आणि भिकनला परत दिला.

मंजुळाबाईनं दुसरा धागा पुढे केला. भिकननं तोंडातल्या ओलाव्यानं गाठ भिजवून आवळली.

दुपार चढली तेव्हा खडस लागला. या वेळी भिकननं टाच रोवली नाही. धागा मोजलेला होता, आणि किती मोजलेला आहे हे त्याला माहीत होतं. मासा पळाला की तो दोर सोडे, थांबला की गोळा करी. एकदा, दोनदा, पाचदा. मग मासा खाली बुडी मारून कपारीत घुसला आणि तिथं दगड होऊन बसला.

"आते?" भिकननं दातांतून विचारलं.

सगळ्यांनी मंजुळाबाईकडे पाहिलं. तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. धागा तुटला तर मासा जाईल, डोह राहील. न तुटला तर मासा येईल. दोन्ही गोष्टी तिनं घागरीखाली बघितल्या होत्या.

"ओढा," ती म्हणाली. "सावकाश, पन ओढा."

भिकननं ओढलं. धागा ताणला, दोर तारेसारखा गुणगुणला. मग कपारीतून काहीतरी निसटलं आणि सोनेरी धूड वर आलं, दमलेलं, एका कुशीवर. उथळ पाण्यात आलं तेव्हा निंबा लंगोटा ओला होईल की काय याचा विचार न करता कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि माशाच्या कल्ल्यांत हात घालून त्याला मिठी मारून बाहेर घेऊन आला. डोह त्याच्या हातून जाणार होता हे तो त्या घटकेला साफ विसरला होता.

"बापरे! हाई ते नवरदेवापेक्षा भारी शे!" तो धापा टाकत म्हणाला.

मंजुळाबाईनं माशाकडे पाठ केली. तिनं गळाच्या गाठीपासून धागा बोटांवर घेतला आणि उन्हाकडे धरला. खडकाला घासून दोन केस गेले होते. बारा शाबूत होते.

भिकन तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याच्या आवाजात जोर आला होता.

"चौदा केसमा एवढा ऊना. उद्या वीस केसना वळ. त्यानापेक्षा मोठा बठेल शे खाले, मी देखा त्याले."

"नको," मंजुळाबाई म्हणाली. आवाज परत तिचा नेहमीचा झाला होता. जवळ उभ्या असलेल्या भिकनलाच तो ऐकू गेला. "ओला दोर दीड घागर पेलस. वीस केसना धागा बी तेवढाच पेली. मंग कोठे तुटाले पाहिजे, ते खडक ठराई."

भिकननं ओल्या दोरावर बोटं फिरवली.

"मंग चौदाच," तो म्हणाला.

"चौदाच," ती म्हणाली, आणि घासलेला धागा सोडवून तिनं तिसरा बांधायला घेतला.